झोपेच्या व्याख्यानास जागे राहून हजर राहणेबाबत

“साहेब, तुम्ही स्वतः कधी दिवसा झोपलाय का?”

हा प्रश्न दाक्षायणीने विचारला तेव्हा गिरणीच्या कल्याण केंद्रात दुपारचे साडेबारा वाजले होते, पत्रा तापून टणटण वाजत होता आणि समोर बसलेले दीडशे रातपाळीवाले डोळे उघडे ठेवून झोपले होते. (ही कला नऊ-दहा वर्षांच्या नोकरीनंतर साधते.) प्रश्न तिचा नव्हता. तो तिची शेजारची मैत्रीण नागम्मा हिने तयार केला होता, आणि “विचारून दाखव, दोन बर्फाचे गोळे माझ्याकडनं, एक लाल एक हिरवा,” अशी पैज दुसऱ्या मैत्रिणीने, सोजरने, लावली होती. एक वर्षापूर्वीची दाक्षायणी असती तर ओढणीचं टोक चावत बसली असती. पण आता ती दहावीत होती, आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आली होती, आणि तेव्हापासून तिचा आवाज वर्गाच्या खिडकीतून निघून पलीकडच्या मुलांच्या शाळेत पोचतो असं बाईंनीच प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं.

सुसंवाद हा कोणत्याही उद्योगाचा श्वास आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य झालेली आहे. (ज्यांना मान्य नाही त्यांच्याशी सुसंवादच होत नसल्यामुळे मान्यतेचं प्रमाण शंभर टक्के भरतं.) सोलापूरच्या या गिरणीत, जिचं नाव इथे सांगायची गरज नाही, हा श्वास १९७८ च्या जानेवारीत घ्यायला सुरुवात झाली. कल्याण अधिकारी वैरागकर साहेब पुण्याहून चौदा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतले. जाताना त्यांच्याकडे एक छत्री होती. येताना छत्री, फळ्यावर दाखवायची छडी आणि ‘कल्याण व सुसंवाद अधिकारी’ ही पाटी होती.

आल्या आल्या त्यांनी विणाई खात्याची पाहणी केली. चारशे माग एकदम खडखडत असल्यामुळे पाहणी कानांत कापसाचे बोळे घालून बारा मिनिटांत उरकावी लागली. अहवाल मात्र सात पानांचा झाला. त्यातला मुख्य निष्कर्ष असा: ‘कामगारांचे ओठ हालताना दिसतात, परंतु शब्द ऐकू येत नाही. सबब, कामगारवर्गात आत्मविश्वासाचा गंभीर अभाव आहे.’

आता विणाई खात्यात शब्द कुणालाच ऐकू येत नाही. कानाशी तोंड लावून बोंब मारली तरी समोरच्याला फक्त गरम हवा लागते. म्हणून तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ओठांनी आणि हातांनी बोलतात. कानाची पाळी ओढली की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. चिमटीने हवेतला अदृश्य धागा तोडला की धागा तुटला. मनगटावर दोन बोटं ठेवली की चहा. आणि तळहात दोनदा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवून रिकामी मूठ उघडून दाखवली की समजायचं, धोटा धावतोय जोरात, पण आत सूत नाही, कापड काही पुढे सरकत नाही. एवढ्यावर चारशे माग, तीन पाळ्या आणि दोन लग्नं जमली होती. पण पुण्याच्या प्रशिक्षणात हे नव्हतं, त्यामुळे ते अस्तित्वात नव्हतं.

दाक्षायणीच्या घरी मात्र ते भरपूर अस्तित्वात होतं. तिचे अप्पा, म्हणजे विणाई खात्यातले धोंडप्पा, नऊ वर्षं सलग रातपाळीला होते. इतरांची पाळी बदलायची, त्यांची बदलत नव्हती. कारण बदलीचा अर्ज स्वतः हजर राहून द्यायचा होता, तोही अकरा ते चार या वेळात, आणि त्या वेळात अप्पा झोपलेले असायचे. एकदा अवघडून गेलेही. कारकून म्हणाला, “तुम्ही रातपाळीचे ना? मग दिवसा कसे काय मोकळे?” आणि त्यांच्या नावापुढे शेरा मारून ठेवला.

तर अप्पा सकाळी आठला यायचे, अंघोळ, पूजा, भाकरी, आणि नऊला गोधडीत. दहा बाय बाराची खोली. ते झोपले की घर गिरणीच्या भाषेत चालायचं. अव्वा, म्हणजे आई चंद्रव्वा, हाताने स्वयंपाकही करायची आणि बोलायचीही, त्यामुळे कधीकधी पिठाची बोटं हवेत फिरायची आणि वाक्य पांढरं दिसायचं. धाकट्या दोन बहिणी भांडायच्या तर तेही मुक्याने, एकमेकींच्या झिंज्या धरून, ओठांनी शिव्या देत. शेजारची शिवबाई यायला लागली की जॉबरची खूण व्हायची. फार झालं की गोधडीतून अप्पांचा एक हात बाहेर यायचा, सबंध घराला सविस्तर रागवायचा आणि परत आत जायचा. तोंडाने बोलणाऱ्या एकाही घरात इतकं स्वच्छ रागावणं दाक्षायणीने पाहिलं नव्हतं.

एकच अडचण होती. दाक्षायणीला मोठ्याने हसायचं असायचं. तिला आवाज सापडला होता, नवा होता, आणि तो घरी वापरता येत नव्हता. ज्या भाषणाला पहिला नंबर मिळाला ते तिने घरी म्हणून दाखवलं होतं, पण हातांनी. अप्पांनी बक्षिसाचा पेला पाहिला, प्रशस्तिपत्र उलटसुलट करून पाहिलं, मनगटावर दोन बोटं ठेवून सगळ्यांना चहा फर्मावला. भाषण त्यांनी ऐकलं नव्हतं. रविवारी ऐकवावं म्हटलं, तर रविवार हा आठवडाभराच्या उरलेल्या झोपेसाठी राखीव होता. अप्पांना दिवसपाळी मिळाली पाहिजे, एवढी एकच गोष्ट दाक्षायणीला जगाकडून हवी होती. (गोळे वेगळे.)

आणि वैरागकर साहेबांच्या मोहिमेने तीच गोष्ट देऊ केली.

मोहिमेचं पूर्ण नाव ‘कामगार सुसंवाद व निद्रा-नियोजन मोहीम’. तिच्या पहिल्या टप्प्यात ‘रात्रपाळी आणि आपण’ ही पुस्तिका वाटण्यात आली. पुस्तिका उत्कृष्ट होती. तीत अंधाऱ्या, शांत व हवेशीर खोलीत आठ तास झोपावं असं सांगितलं होतं. (सोलापूरच्या मार्चमधल्या उन्हाला याची प्रत पाठवण्यात आली की नाही, ते कळलं नाही.) झोपेपूर्वी बागेत फेरफटका मारावा, असं होतं. कुटुंबीयांनी कुजबुजत्या स्वरात बोलावं, असं होतं. सातवा नियम, ‘ऐकणाऱ्यास रुचेल असेच बोलावे.’ नववा, ‘मन मोकळे करावे.’ दोन्ही एकाच वेळी कसे पाळायचे, यासाठी पुढच्या वर्षी वेगळी पुस्तिका निघणार होती.

दहावीच्या अभ्यासासाठी मिळालेल्या सुट्टीत दाक्षायणीने शाळेच्या वहीत एक आठवडा पाहणी करून पुढील आकडे काढले. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात अप्पांची झोप सरासरी अकरा वेळा मोडते. पैकी गिरणीच्या भोंग्याने दोनदा, शिवबाईच्या मिरच्या कांडण्याने एकदा, भांड्याला कल्हई करणाऱ्याने एकदा, नागम्माच्या घरच्या मागाने मोजता येणार नाही इतक्या वेळा (ते एकच समजले), आणि गिरणीचा शिपाई बिरप्पा याने सहा वेळा. बिरप्पा पुस्तिका घेऊन यायचा, पुस्तिका मिळाल्याची सही घ्यायला यायचा, सही नीट उमटली नाही म्हणून यायचा.

“धोंडप्पा हाय का घरात?” तो दारावर काठी आपटायचा.

“हाय, पर झोपलेत,” अव्वा दारातून दबक्या आवाजात सांगायची.

“मग उठवा की. झोप पुरी होती का न्हाय, त्याचा फारम भरायचाय.”

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बिरप्पाने आणलेला कागद मात्र अव्वाने दाक्षायणीला दोनदा वाचायला लावला. ‘दुपारी बारा वाजता कुटुंब मेळावा. विषय: दिवसा शांत झोप कशी घ्यावी. उपस्थिती सक्तीची. तदनंतर तोंडी सुसंवाद परीक्षा. गुणानुक्रम विचारात घेऊन तीन कामगारांस दिवसपाळी देण्यात येईल.’

गुणांची विभागणी सोबत होती. आवाज तीस. नजरेला नजर वीस. स्मित पंधरा. हातवारे न करणे पंधरा. वेळेवर हजेरी पंधरा. विषयाची माहिती पाच.

दाक्षायणीने अप्पांची शिकवणी सुरू केली. रोज चार ते पाच. अप्पांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि म्हणायचं, “सन्माननीय साहेब.” पहिल्या दिवशी ते इतक्या हळू म्हणाले की शेजारी बसलेल्या मांजरानेही मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी इतक्या जोरात म्हणाले की शिवबाई काय झालं म्हणून पळत आली. गिरणीत माणसाचे आवाज दोनच होतात, एक शून्य आणि एक बोंब. मधला आवाज अप्पांना नऊ वर्षांत लागलाच नव्हता. दाक्षायणीने तो दोन आठवड्यांत बसवला. शेवटच्या दिवशी अप्पा हात न हलवता, हसतमुखाने, मध्यम आवाजात अडीच मिनिटं बोलले. अव्वाने त्यांच्यावरून मीठ-मोहरी ओवाळली.

अशा तऱ्हेने मंडळी मेळाव्याला आली, आणि तिथे या गोष्टीच्या सुरुवातीचा तो प्रश्न दाक्षायणीने विचारला. पैज पैज असते.

वैरागकर साहेब व्यासपीठावर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे येरझाऱ्या घालत होते, ते मधोमध थांबले.

“प्रश्न चांगला आहे,” ते म्हणाले. “लेखी द्यावा. तीन प्रतींत. तू कुणाची मुलगी?”

“धोंडप्पांची. विणाई खातं, रातपाळी,” दाक्षायणी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की नाव सांगायला नको होतं. कारकुनाने यादीत काहीतरी खूण केली. मागच्या बाकावर सोजरचा चेहरा उतरला. “गोळे देते गं,” ती पुटपुटली, “पण खाली बस आता.”

व्याख्यान पुढे चाललं. झोपेचे पाच टप्पे, त्यांचे आठ फायदे. ऐन चौथ्या टप्प्यावर येडू नावाचे एक विणकर घोरू लागले, तेव्हा त्यांना सर्वांसमोर उठवून झोपेचं महत्त्व पुन्हा समजावण्यात आलं.

मग परीक्षा. येडूंचा नंबर पहिला. ते व्यासपीठावरच्या खुर्चीत बसले आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत झोपले. त्यांना हजेरीचे पंधरा गुण मिळाले. मग “धोंडप्पा” अशी हाक झाली. अप्पा वर गेले. हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर स्मित, सगळं शिकवल्याप्रमाणे. साहेबांना घाम येत होता. त्यांनी बिरप्पाला पंखा लावायला सांगितलं.

कल्याण केंद्रातला तो पंखा गिरणीनेच भंगारातून काढून दिलेला होता. तो सुरू झाला की थेट मागासारखा खडखडतो.

“तुम्हाला दिवसपाळी का हवी?” साहेबांनी विचारलं. “तीन मिनिटं. मुद्देसूद.”

पंख्याची खडखड कानांत शिरली आणि अप्पांचे हात आपोआप पाठीमागून सुटून पुढे आले. तोंड उघडलं, ओठ हलले, आवाज नाही. त्यांना स्वतःला ते कळलंही नाही. खडखडाटात माणूस दुसरं कसं बोलणार? ते बोलत सुटले. हात चालले, बोटं चालली, भुवया चालल्या. दीडशे विणकर खडबडून जागे झाले आणि पुढे सरसावले. कारण इतकं चांगलं भाषण त्यांनी आजवर कल्याण केंद्रात पाहिलं नव्हतं.

साहेबांना फक्त एक घामेजलेला माणूस हवेत हात फिरवताना दिसत होता. त्यांनी पेन्सिल ओली केली. “आवाज, शून्य,” ते म्हणाले. “उमेदवार गप्प आहे.”

दाक्षायणी बाकावर चढली.

“गप्प न्हाईत, साहेब. बोलतायत. मी सांगते.”

साहेबांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण त्या आवाजापुढे पंखासुद्धा बारीक वाटू लागला होता. ती अप्पांच्या हातांकडे बघत एकेक वाक्य सांगू लागली. “ते म्हणतात, नऊ वर्षं झाली, माझ्या पोरी दिवसा घरात हसल्या न्हाईत. माझ्यापायी. ते म्हणतात, मला घरात येताना वाटतं की मी घरात आजारी माणूस घेऊन येतोय, आणि तो मीच हाय. ते म्हणतात, माझ्या थोरलीला भाषणात पहिला नंबर मिळाला. पेला मी बघितला.” इथे अप्पांनी कानाला हात लावला आणि तो हळूच मिटून खाली आणला. “भाषण ऐकलं न्हाई,” ती म्हणाली, आणि हे एकच वाक्य तिने जरा हळू सांगितलं.

अव्वा पदर तोंडाला लावून जमिनीकडे बघत होती.

अप्पांना बहुधा वाटलं, फारच रडकं झालं. मन मोकळं करावं, असा नववा नियम होताच. त्यांनी साहेबांकडे नजर टाकली आणि तळहात दोनदा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवून रिकामी मूठ उघडून दाखवली.

दीडशे विणकर असे हसले की पत्रा हादरला. येडू झोपेतून जागे होऊन, काय झालं ते न बघता हसले. बिरप्पा पंख्यामागे तोंड लपवून हसला. सगळे हसतायत म्हणून, खेळीमेळीचं वातावरण म्हणून, वैरागकर साहेबही मनमोकळे हसले.

“काय म्हणाले?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

सगळं सभागृह दाक्षायणीकडे बघू लागलं. सातवा नियम तिला पाठ होता.

“म्हणाले, साहेब सुज्ञ आहेत, समजून घेतील.”

साहेब फार प्रसन्न झाले. हातवाऱ्यांचे पंधरा गुण नाइलाजाने कापून बाकी सगळे त्यांनी दिले. अप्पांना पंच्याऐंशी पडले. आवाजाचे तीसच्या तीस. (आवाज कुणाचा, असा रकाना तक्त्यात नव्हता.)

घरी येताना अप्पा पुन्हा हात मागे बांधून चालत होते. रेल्वेच्या पुलाखाली आल्यावर ते थांबले.

“दाक्षे,” ते मध्यम आवाजात म्हणाले, “तुजा आवाज लई मोटा हाय की गं.”

“व्हय अप्पा.”

“चांगला हाय.”

त्या संध्याकाळी सोजरने दोन गोळे दिले. नागम्माने त्यातला हिरवा मागितला, प्रश्न तिचा होता म्हणून. दिला.

निकाल चौथ्या दिवशी लागला. बिरप्पाने तो सकाळी अकराला, दारावर काठी आपटून आणला. निकालामागचा विचार अत्यंत शुद्ध होता आणि त्यात कुणालाही चूक काढता येणार नाही. ‘सुसंवादाची खरी निकड रात्रपाळीस असल्याचे पाहणीत आढळले आहे. सबब सर्वाधिक गुण प्राप्त करणारे श्री. धोंडप्पा यांची रात्रपाळीचे सुसंवाद-नायक म्हणून कायम नेमणूक करण्यात येत आहे. सर्वांत कमी गुण मिळवणारे तीन कामगार सुधारणेस्तव साहेबांच्या नजरेसमोर असणे इष्ट असल्याने त्यांना दिवसपाळी देण्यात येत आहे. श्री. धोंडप्पा यांचे अभिनंदन. पोच द्यावी.’

सर्वांत कमी गुण येडूंना होते. ते त्याच सोमवारपासून सकाळी कामाला जाऊ लागले आणि रात्री झोपू लागले. गल्लीत त्यांच्याकडे मोठ्या आदराने बघितलं जायचं.

अव्वाने पोच दिली, दार लावलं आणि परातीपुढे बसून पीठ इतक्या जोरात मळलं की ते भाकरीऐवजी भिंतीला लावायचं आहे असं वाटावं. अप्पा जागे झालेच होते. गोधडी तोंडावरून काढली नाही त्यांनी. आत काय चाललं होतं ते दिसलं नाही, कारण हात बाहेर आला नाही.

दाक्षायणीने निकालाचा कागद उलटून बघितला. खाली बारीक अक्षरात होतं: ‘पुढील परीक्षा सहा महिन्यांनी. श्री. धोंडप्पा हे गुण टिकवून आहेत हे दाखवण्यासाठी त्यांनी परीक्षेस बसणे बंधनकारक. दुभाषी म्हणून कु. दाक्षायणी हिने यावे.’

ती उठली. गोधडीचं टोक उचलून तिने अप्पांचे डोळे उघडे आहेत ना ते बघितलं. अव्वाच्या समोर जाऊन तिचे पिठाचे हात थांबवले. धाकट्या दोघींना भिंतीशी बसवलं. आणि मग खोलीच्या मधोमध उभं राहून, सकाळी सव्वाअकराला, आवाज न करता, हातांनी जाहीर केलं:

ठरलं. सहा महिन्यांनी मी येणार. अप्पा जे बोलतील ते शब्दाला शब्द सांगणार. शेवटच्या खुणेसकट. आपल्याला शून्य मिळवायचंय.

मग गोधडी थरथरायला लागली. आधी वाटलं अप्पा रडतायत. पण गोधडीतून हात बाहेर आला आणि मनगटावर दोन बोटं ठेवली गेली. सगळ्यांना चहा.

अव्वाने पिठाच्या बोटांनी विचारलं, “आन्‌ लोक काय म्हणतील?”

लोक म्हणजे झोपेवरचं व्याख्यान ऐकून माना डोलावणारे, पाळीवाल्याच्या दारावरून बोलत जाणारे, अशा गोष्टी दुपारी निवांत वाचणारे सगळेच. दाक्षायणीने विचार केला. मग तळहात दोनदा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवला आणि रिकामी मूठ उघडून दाखवली.

याचा अर्थ, लोक सुज्ञ आहेत, समजून घेतील. (वाचकांनी खुशाल हसावं. साहेबही हसले होते.)